इन्फान्तादो पॅलेसचं थ्रीडी मॉडेल : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

सुरुवात केली एकदाची. स्पेनमधल्या ग्वादालाहारा गावातला पालासिओ देल इन्फान्तादो, म्हणजे इन्फान्तादोच्या ड्यूकचा वाडा, माद्रिदहून लोकल ट्रेननं तासाभरात पोचता येतं, डिसेंबरात जाऊन तीनेकशे फोटो काढून आलेय. ऑफिसच्या कामाशी काही संबंध नाही, रात्री आणि शनिवार-रविवार करायचं. डोक्यात प्लॅन साधा आहे, ब्लेंडरमध्ये (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) दोन लेयर. लेयर १ म्हणजे १४८० च्या दशकात दुसऱ्या ड्यूकनं बांधला तसा वाडा, आणि लेयर २ म्हणजे १५७० पासून पाचव्या ड्यूकनं त्याचं जे काही करून ठेवलं ते. एक बटन दाबलं की आधीचं, दुसरं दाबलं की नंतरचं.

खरं सांगायचं तर मला लेयर १ च हवाय. दर्शनी भिंत बघून जीव गेला होता माझा. लेयर २ फक्त "बघा काय वाट लावली" दाखवायला.

१२ जानेवारी

नावांचा घोळ आधी निस्तरते, नाहीतर पुढे मलाच कळणार नाही. घराणं मेन्दोसा. यांच्यात निम्म्या पुरुषांचं नाव इन्यिगो लोपेस दे मेन्दोसा. कवी म्हणून प्रसिद्ध असलेला सांतियानाचा मार्केस इन्यिगो, त्याचा नातू दुसरा ड्यूक पण इन्यिगो (यानं वाडा बांधला), चौथा ड्यूक इन्यिगो, पाचवा पण इन्यिगो (यानं तोडफोड केली). मधला तिसरा तेवढा दिएगो. चौथ्याचा मुलगा १५६० मध्ये बापाच्या आधीच गेला, म्हणून १५६६ मध्ये गादी थेट नातवाकडे आली. म्हणजे पाचव्याला दुसरा कोण लागतो तर खापरपणजोबा. हे कागदावर झाड काढून दोनदा मोजलं.

फाइलमध्ये नुसतं "दुसरा" आणि "पाचवा" असंच लिहिणार.

१७ जानेवारी

दर्शनी भिंत. वास्तुकार हुआन ग्वासचं काम, मूळचा आताच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीकडचा माणूस, तोलेदोतला सान हुआन दे लोस रेयेस मठ पण त्याचाच. दगड तामाहोनचा, ग्वादालाहारा प्रांतातलाच, सोनेरी झाक असलेला चुनखडी. आणि त्या सपाट भिंतीवर हिऱ्याच्या टोकासारखे घडवलेले दगड बाहेर आलेत, ओळीत एकाखाली एक नाहीत, तिरप्या जाळीत, पतंगासारखे चौकोन पडतील असे. आधी मी सरळ ग्रीड टाकला आणि भिंत चॉकलेटच्या वडीसारखी दिसायला लागली. मग दर दुसरी ओळ अर्धा घर सरकवली, तरी फोटोशी जुळेना, शेवटी कळलं की आडवं आणि उभं अंतर मी सारखंच धरलेलं. ते सुधारल्यावर सूर्य तिरपा लावला आणि आहाहा. प्रत्येक टोकाची एक बाजू उजळ, एक काळी, भिंत अंगावर शहारा आल्यासारखी दिसते. एकाच दगडाच्या शेकडो कॉप्या आहेत खऱ्या, पण पाथरवटानं हे टाकी-हातोड्यानं केलं होतं एकेक करून, आणि मी ऑफसेटचा आकडा चुकला म्हणून कपाळ बडवत बसलेले.

१८ जानेवारी

वरची गॅलरी. हा भाग खरा अवघड आहे. भिंतीच्या माथ्यावर मोकाराबे, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखं लोंबतं नक्षीकाम, थेट मुस्लिम कारागिरीतून आलेलं (अशा ख्रिश्चन राज्यातल्या मुस्लिम वळणाच्या कामाला इकडे मुदेहार म्हणतात), आणि त्यावर सलग सज्जा, त्यात एक खिडकी मग एक पुढे आलेला अर्धगोल बुरूज, परत खिडकी परत बुरूज. खाली दरवाज्यावर घराण्याचं चिन्ह धरून उभे असलेले दोन केसाळ रानटी पुरुष. गॉथिक, मुदेहार, सगळं एका ताटात, आणि तरी कुठे ओंगळ वाटत नाही.

मोकाराबे बेसिकच केलंय. लांबून चालेल.

२४ जानेवारी

दरवाजा. मी मधोमध ठेवला होता सवयीनं. तो मध्ये नाहीच्चे!! डावीकडे सरकलेला आहे, चांगलाच. फोटोत कित्येकदा बघूनही डोळ्यानं आपोआप मध्ये नेऊन ठेवला. सगळी भिंत परत हलवली, तीन तास गेले.

नोंद करून ठेवते कारण हे पुढे पाचव्याला नडणारे असं वाटतंय.

३१ जानेवारी

आज पाचवा ड्यूक आला मॉडेलमध्ये. बांधकामाचा मेस्त्री त्याचा आसिस्क्लो दे वेगा, काम १५७० च्या सुमारास सुरू. काय काय केलं त्याची मोजदाद: गॉथिक खिडक्या बुजवल्या. त्या हिऱ्यांच्या भिंतीला सरळ मोठमोठी चौकोनी भोकं पाडून नव्या खिडक्या बसवल्या, वर त्रिकोणी कपाळपट्टी, एकदम रोमन थाट. गॅलरीच्या डोक्यावरचे गॉथिक सुळके उतरवले. आतल्या चौकात खालच्या मजल्याचे खांब बदलून तुस्कन पद्धतीचे साधे गोल खांब घातले.

मी काय केलं, तर खिडकीच्या मापाचा ठोकळा करून भिंतीतून बूलियननं वजा केला. एका क्लिकमध्ये अकरा हिरे गायब. मुद्दाम एकच खिडकी करून थांबले आज. राग आला, उगाच नाही लिहीत, खरंच आला. शंभर वर्षंसुद्धा झाली नव्हती भिंतीला.

दादाला फोनवर सांगितलं तर म्हणे, "त्याच्या खापरपणजोबाची भिंत, त्यानं भोक पाडलं, तू का रडतेस?"

१ फेब्रुवारी

उरलेल्या खिडक्या. एक गोष्ट लक्षात आली जी फोटो बघून कधीच आली नसती. खिडक्या बसवताना मी स्वतः त्यांची ओळ समान अंतरावर लावायला गेले, कारण रेनेसाँ म्हणजे समतोल, मधोमध अक्ष, डावं-उजवं सारखं. पण दरवाजा डावीकडे! कुठला अक्ष धरणार? दरवाज्याचा धरला तर उजवीकडे भिंत उरते, भिंतीचा धरला तर दरवाजा वेडावून दाखवतो. खऱ्या भिंतीवर पण हेच भांडण दिसतं, नव्या खिडक्या आपापल्या जागी शिस्तीत आहेत, आणि दरवाजा त्यांना जुमानत नाही. पाचव्यानं दरवाजा हलवला नाही, गॅलरीही सुळके सोडले तर तशीच ठेवली. घराण्याचा दरवाजा हलवायचा म्हणजे जरा जडच गेलं असेल, हा माझा अंदाज.

५ फेब्रुवारी

हाफ डे होता. थोडं वाचन, का केलं असेल पाचव्यानं हे सगळं.

गरिबी नव्हती, भिंत पडत नव्हती. फॅशन. राजा फेलिपे दुसरा. १५६१ मध्ये त्यानं दरबार माद्रिदला आणला, तिथल्या जुन्या आल्कासार किल्ल्याचा राजवाडा करायचं काम त्याच्या बापाच्या काळापासून चालूच होतं, आणि १५६३ मध्ये एल एस्कोरियाल या त्याच्या मठ-राजवाड्याचा पायाभरणीचा दगड. सगळीकडे सरळ रेषा, सपाट भिंती, ओळीत खिडक्या. पाचव्यानं नमुना घेतला तो माद्रिदच्या आल्कासारचा. राजाच्या घरासारखं घर हवं.

आणि राजा यांच्या घरी येऊन गेलेला! १५६० मध्ये फेलिपे आणि फ्रान्सची इसाबेल दे वालुआ यांचं लग्न याच वाड्यात लागलं, चौथ्याच्या काळात. नवरी १४ वर्षांची. पाचवा तेव्हा चोविशीच्या आसपास, घरातलाच नातू, समारंभात मिरवत असणारच. त्याच्याही आधी १५२५ मध्ये फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा इटलीतल्या पाव्हियाच्या लढाईत पकडला गेला आणि कैदी म्हणून माद्रिदला नेताना इथे थांबवला, तेव्हा तिसऱ्या ड्यूकनं त्या कैद्याचा एवढा पाहुणचार केला की कैदी कोण आणि पाहुणा कोण. असं घर. आणि आता दरबार माद्रिदला, सगळे सरदार तिकडे धावतायत, आणि याच्याकडे काय तर खापरपणजोबाचं काटेरी जुनाट घर. (काटेरी मी म्हणत नाहीये, त्याला तसं वाटलं असेल.)

गंमत म्हणजे तो माद्रिदचा आल्कासार १७३४ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री आगीत गेला. त्याची नक्कल करणाऱ्या खिडक्या इथे अजून आहेत.

७ फेब्रुवारी

आजची नोंद थोडी भरकटलेली आहे पण राहू दे. मला वाटायचं पाचव्यानं रेनेसाँ आणली या घराण्यात. साफ चूक. स्पेनमध्ये रेनेसाँ वास्तुकला आणणाऱ्यांत मेन्दोसाच पुढे होते. दुसऱ्याचा काका कार्डिनल पेद्रो गोन्सालेस दे मेन्दोसा, त्याचं वायादोलिदमधलं सांता क्रूस कॉलेज, सुरुवात गॉथिक आणि शेवट वास्तुकार लोरेन्सो वास्केसच्या हातून इटालियन वळणाचा. त्याच वास्केसनं पुढे कोगोयुदोचा पॅलेस केला, मेदिनासेलीच्या ड्यूकसाठी, आणि ग्वादालाहारा गावातच आन्तोनियो दे मेन्दोसाचा वाडा. म्हणजे जेव्हा दुसरा ड्यूक हिऱ्यांची भिंत उभी करत होता तेव्हा त्याचा सख्खा काका इटलीकडे बघायला लागला होता. दुसऱ्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला हे हवं होतं.

चौकातल्या लेखात त्यानं कोरूनच ठेवलंय, १४८३ साल घालून, की पूर्वजांनी मोठा खर्च करून बांधलेलं हे घर होतं ते मी जमीनदोस्त केलं आणि घराण्याचा मान वाढावा म्हणून परत बांधलं.

हे वाचून मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले. त्यानं पण पाडलं होतं. आणि खिडक्या-बिडक्या नाही, पूर्ण घर!

१४ फेब्रुवारी

सिंहांचा चौक. लांब बाजूला सात कमानी, आखूड बाजूला पाच, दोन मजले. खालच्या कमानींच्या मध्ये समोरासमोर सिंह, वरच्या मजल्यावर ग्रिफिन, म्हणजे पंखवाले गरुडतोंडे सिंह. कमानी साध्या नाहीत, आत-बाहेर वळणं घेत जाणारी महिरप, कागदावर काढताना हात थकतो. एक कमान नीट केली की बाकी अॅरे, म्हणजे ओळीनं तिच्याच कॉप्या.

एका सिंहाला एक रविवार जाणार असं दिसतंय. एकच करून आरशातून उलटवणार आहे, इतिहासकारांनी माफ करावं.

१५ फेब्रुवारी

सिंह झाला. कुत्र्यासारखा दिसतो. मूळ सिंह पण थोडे कुत्र्यासारखेच आहेत, मला वाटतं पाथरवटानं सिंह बघितला नव्हता, असो.

२१ फेब्रुवारी

तुस्कन खांब. उंची किती ठेवायची यावर सगळा दिवस. त्या काळी हे पुस्तकातून व्हायचं. इटालियन वास्तुकार सेर्लियोच्या पुस्तकाचे भाग स्पॅनिशमध्ये १५५२ ला तोलेदोत छापले, विल्यालपान्दोचं भाषांतर, त्यात तुस्कन खांब जाडीच्या सहा पट उंच. विन्योला या दुसऱ्या इटालियन वास्तुकाराच्या नियमात सात पट. मी दोन्ही करून फोटोवर ठेवले आणि मग पुस्तकं बाजूला सारून डोळ्यानं जुळवत गेले, कारण खांबाला वर काय पेलायचंय ते गवंड्याला समोर दिसत असतं, पुस्तकाला नाही.

आणि इथे पाचव्याबद्दल पहिल्यांदा जरा बरं वाटलं. बघा, वरच्या मजल्यावर पिळाचे खांब, नाजूक, खच्चून नक्षी. त्या सगळ्याच्या खाली साधा गोल गुळगुळीत खांब आला की डोळ्याला बसायला जागा मिळते. लेयर १ साठी मी खाली पण पिळाचे टाकून बघितले, वरून कॉपी करून, आणि सगळा चौक वळवळायला लागला. ते माझं काल्पनिक आहे हे कळावं म्हणून लेयर १ चे खालचे खांब अर्धपारदर्शक राखाडी ठेवलेत.

पण एक प्रश्न, खांब बदलले म्हणजे बदलले कसे? वर कमानी, कमानींवर सिंह, सिंहांवर अख्खा दुसरा मजला आणि छप्पर. खालून आधार काढायचा आणि नवा सरकवायचा. एकेक कमान लाकडी टेकूवर तोलून धरायची, वजन टेकूवर आलं की जुना खांब काढायचा, नवा बसवून पाचरी ठोकायच्या, मग टेकू हळू सोडायचा, आणि पुढच्या खांबाकडे. दुसरा मार्ग मला तरी सुचत नाही. जरा घाई केली असती तर सिंह खाली. या कामाला तोडफोड म्हटलं होतं मी सुरुवातीला.

२८ फेब्रुवारी

आतल्या खोल्या. वरच्या मजल्यावर मुदेहार लाकडी छतं होती, सोनेरी मुलामा दिलेली, त्यातला एक दिवाणखाना "सालोन दे लिनाहेस", घराण्याच्या वंशावळीचा. खाली बागेच्या अंगाला पाचव्यानं नव्या खोल्या सजवून घेतल्या. छतावर चित्रं काढायला माणूस बोलावला तो रोमुलो चिंचिनातो, फ्लोरेन्सचा, १५६७ मध्ये राजाच्या नोकरीसाठी स्पेनमध्ये आलेला, एस्कोरियालमध्ये काम करणारा. म्हणजे खिडक्या राजासारख्या आणि चित्रकार तर राजाचाच. १५७८ ते १५८० च्या सुमारास काम झालं, गिलाव्यावरची भित्तिचित्रं.

एका खोलीत क्रोनोस म्हणजे काळाचा देव आणि भोवती बारा राशी. एका खोलीत लढाया, मेन्दोसा पूर्वजांच्या, पण सगळे रोमन पोशाखात (एकदम आपल्या ऐतिहासिक नाटकातला फेटा वाटावा तसं, कोणी तसं नेसत नव्हतं पण शोभतं). आणि एका खोलीत अतालान्ता आणि हिपोमेनेस, शर्यतीत सोन्याची सफरचंदं टाकून जिंकणारा नवरदेव. त्या गोष्टीत शेवटी दोघांचे सिंह होतात. चौकात सिंह, खोलीत सिंह होणारं जोडपं. ठरवून केलं का माहीत नाही पण मला ते आवडलं आणि मी मॉडेलमध्ये त्या खोलीचं दार चौकातल्या सिंहाच्या कॅमेऱ्यात येईल असा एक शॉट लावलाय.

चित्रं मी टेक्स्चर म्हणून फोटोतून चिकटवतेय. बारा राशींतली वृश्चिक ताणली जातेय, यूव्ही (चित्र आकारावर कसं बसतं ती मांडणी) परत करायला लागेल.

१ मार्च

वरची सोनेरी छतं मॉडेल करायला घेतली आणि अडकले. १९१४ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालेली वास्तू, १९ व्या शतकाच्या शेवटी लष्करातल्या माणसांच्या अनाथ मुलांची शाळा भरायची इथे. जुने फोटो आहेत, काळे-पांढरे. रंगीत फोटो नाही कारण ६ डिसेंबर १९३६ ला स्पेनच्या यादवी युद्धात गावावर बॉम्ब पडले, गाव तेव्हा प्रजासत्ताकाकडे होतं आणि विमानं बंडखोर जनरल फ्रँकोच्या बाजूची, वाडा पेटला. लाकडी छतं गेली. सालोन दे लिनाहेस गेला. चौकाचा वरचा मजला ढासळला, आज दिसतो तो बऱ्याच अंशी नंतर उभा केलेला आहे.

आणि वाचलं काय? खालच्या मजल्यावरची चिंचिनातोची छतं. घुमटी छत, वर चुन्याचा गिलावा, पेटायला त्यात लाकूड नाही. ज्या माणसावर मी दीड महिना चिडलेली होते त्याच्याच खोल्या उरल्या, आणि दुसऱ्याच्या ज्या छतांसाठी चिडलेली होते ती राख.

दादाला व्हॉट्सअॅप केला. त्याचा रिप्लाय: "आता पाचव्याची माफी माग." नाही मागणार. अकरा हिरे गेले ते गेले.

७ मार्च

प्लॅन बदलला. दोन लेयर पुरत नाहीत. चार:

दुसरा. पाचवा. १९३६. आणि आत्ताचा, म्हणजे दुरुस्तीनंतरचा, १९७० च्या दशकात म्युझियम सुरू झालं तो.

तिसरा लेयर करायला मुळीच अवघड नव्हता, छतं बंद केली, वरचा मजला अर्धा उडवला, झालं. वीस मिनिटं. दुसऱ्याच्या गॅलरीला तीन आठवडे लागले होते.

१४ मार्च

परत ग्वादालाहाराला जाऊन आले, मापं पडताळायला. दर्शनी भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा खिडक्या पहिल्यांदा नीट बघितल्या, म्हणजे चुकलेल्या जागा म्हणून न बघता खिडक्या म्हणून. एका कपाळपट्टीच्या बाजूला अर्धा कापलेला हिरा आहे. दगडाची कड अगदी सरळ, ओबडधोबड तोडलेलं नाही, कोणीतरी वेळ घेऊन कापलाय. मॉडेलमध्ये माझा बूलियन पण तिथे अशीच सरळ कड देतो, पण तो मशीन आहे.

अंतरं बहुतेक बरोबर निघाली. दरवाजा अजून थोडा डावीकडे हवाय.

ट्रेनमध्ये परतताना आईचा फोन, काय करतेस म्हणाली, सांगितलं. "म्हणजे लोकांच्या घराच्या खिडक्या मोजायला गेली होतीस?" हो.

२१ मार्च

दरवाजा सरकवला. वृश्चिक सरळ झाली. सिंह तसाच आहे.

फाइल उघडली की कुठला लेयर आधी चालू दिसेल ते ठरवायचं राहिलं होतं. जानेवारीत मी डोळे झाकून "दुसरा" म्हटलं असतं. आज दुसरा लावून बघितला, भिंत अख्खी, सगळे हिरे जागेवर, सुंदरच, पण चौकात ते माझे राखाडी भुताचे खांब आणि खाली रिकाम्या पांढऱ्या खोल्या, कारण तिथे दुसऱ्याचं काय होतं ते माझ्या मॉडेलमध्ये नाहीच. पाचवा लावला तर वरची सोनेरी छतं (काळी-पांढरी का होईना), खालच्या राशी, तुस्कन खांब, सिंह, ग्रिफिन, सगळं एकदम घरात असतं. एवढं भरलेलं घर बाकी तीन लेयरमध्ये कुठेच दिसत नाही.

पाचवा ठेवलाय. दादाला सांगणार नाहीये.

गॅलरीवरचे दोन सुळके लेयर १ मध्ये अजून बाकी आहेत, ते उद्या. आज रेंडर रात्रभर लावून झोपते, लॅपटॉपखाली दोन पुस्तकं सरकवलीत हवा जायला.